शंभर रुपयांत रात्रीचं जेवण: वडापाव, मिसळ आणि स्वस्त बर्गर पोटभरीचे कसे करायचे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा विद्यार्थी. खोलीत गॅस नाही, फक्त पाणी तापवायची विजेची किटली आहे. दुपारचं जेवण मेसमध्ये होतं, पण रात्रीसाठी शंभर-सव्वाशे रुपयेच उरतात. ते कधी दोन वडापावांवर, कधी मॅकडोनाल्ड्ससारख्या साखळी दुकानातल्या सगळ्यात स्वस्त बर्गरवर जातात आणि साडेदहाला पुन्हा पोटात कावळे ओरडायला लागतात. मग बिस्किटांचा पुडा फोडला जातो. हेच पदार्थ आणि एवढेच पैसे ठेवून पोट भरेल असं जेवण जमेल का?

जमेल. त्यासाठी पहिली सवय मोडायची ती "एकाने भागलं नाही, अजून एक द्या" ही. दुसरा वडापाव पहिल्याचीच उणीव दुप्पट करतो. त्या पैशांत पहिल्यात जे नाही ते विकत घ्यायचं.

वडापावात काय असतं ते बघा. लादीतला एक पाव साधारण ४० ग्रॅमचा, वडा ६० ते ७० ग्रॅमचा. दोन्ही मिळून जवळपास ३०० कॅलरी आणि ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं. दोन खाल्ले तर ६०० कॅलरी झाल्या, म्हणजे एका वेळच्या जेवणाला पुरेशा. तरीही भूक लागते, कारण भूक फक्त कॅलरीवर चालत नाही. पोट भरल्याची जाणीव टिकते ती प्रथिनं, चोथा, पाणी आणि चावण्याचे कष्ट यांवर. मैद्याचा मऊ पाव आणि कुस्करलेला बटाटा यांत चावायला काही नाही. पाच मिनिटांत खाऊन होतं आणि लवकर पचतं.

यात बटाट्याला दोष देण्यात अर्थ नाही. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ३८ पदार्थ तपासले होते. सारख्याच कॅलरींचे वाटे देऊन कुठला पदार्थ किती पोट भरतो हे मोजलं आणि पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. तळलेल्या फ्राइजना मात्र ११६ मिळाले. अंड्यांना १५०. म्हणजे तळणीत पडल्यावर बटाट्याचं पाणी जातं, त्या जागी तेल येतं आणि पोट भरण्याचा त्याचा गुण निघून जातो. पुढचे सगळे बेत याच गोष्टीवर उभे आहेत.

रात्रीच्या जेवणाचं मोजमाप असं ठेवा: २० ते २५ ग्रॅम प्रथिनं, एक अख्खी कच्ची भाजी (काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा यांपैकी जे स्वस्त असेल ते) आणि पाव लिटरभर पातळ काहीतरी, ताक, रस्सा किंवा सांबार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. मेसच्या दुपारच्या ताटात पातळ वरण असेल तर त्यातून पंधरा-सतरा ग्रॅमच्या पुढे फारसं मिळत नाही, म्हणून रात्री वीसच्या खाली जायचं नाही.

पैशांची वाटणी सोपी आहे. निम्मे पैसे बाहेरच्या पदार्थाला, निम्मे जोडीला. बाहेरचा पदार्थ चव आणि गरमपणा देतो, पोट भरायचं काम जोडीचं. हिशेबासाठी पुढचे भाव धरले आहेत, तुमच्या गल्लीत दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील: वडापाव २०, सुटा पाव ५, कच्चं अंडं ८, गाडीवरचं उकडलेलं अंडं १५, फुटाणे ५० ग्रॅम १०, शेंगदाणे ३० ग्रॅम ६, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम ५, ताकाचं छोटं पाकीट १५, काकडी ८, केळं ५, पोळी-भाजी केंद्रातली पोळी १२, मिसळ ७५, साखळी दुकानातला आलू टिक्की बर्गर ७०.

आता यांतली प्रथिनं बघा म्हणजे पैसे कुठे टाकायचे ते दिसेल. अंड्यात ६ ग्रॅम. ५० ग्रॅम फुटाण्यांत जवळपास १० ग्रॅम, तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात. तीस ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५ ग्रॅम, आणि त्याही पाच रुपयांत. किराणा दुकानात यापेक्षा स्वस्त प्रथिनं शोधून सापडणार नाहीत. आठ रुपयांत दोन अंड्यांएवढी प्रथिनं मिळायची असतील तर वड्यांकडेच जावं लागेल. लोक त्यांना नाक मुरडतात ते त्या नीट भिजवल्या-पिळल्या जात नाहीत म्हणून. त्याची कृती पुढे दिली आहे.

एक वडा, दोन पाव, दोन अंडी

गाडीवर वडापाव मागतानाच सांगायचं: "वडा वेगळा, पाव वेगळा, एक पाव जास्तीचा, सुकी चटणी कागदात." गरम वडा पावात घालून पिशवीत बांधला की वाफ आतच कोंडते, पावाचा लगदा होतो आणि वड्याचं आवरण मऊ पडतं. खोलीवर पोचेपर्यंत दहा मिनिटं झाली तरी एवढं पुरतं. वेगळे आणलेत तर दोन्ही नीट राहतात.

खोलीवर वडा मधोमध कापून दोन चपट्या चकत्या करा. दोन्ही पावांना आतून लसणाची सुकी चटणी लावा. प्रत्येक पावात अर्धा वडा, एका उकडलेल्या अंड्याचे चार-पाच काप आणि काकडीच्या पातळ चकत्या. अंड्यावर मीठ टाकू नका, चटणीत ते भरपूर असतं. उरलेली काकडी तशीच खायची, शक्यतो आधी. बरोबर ताक. खर्च: वडापाव २०, पाव ५, अंडी १६, काकडी ८, ताक १५, एकूण ६४ रुपये. प्रथिनं बावीस-तेवीस ग्रॅम, कॅलरी सहाशेच्या आसपास. दिवसभर सायकल किंवा खेळ झाला असेल तर वर एक केळं आणि मूठभर शेंगदाणे, म्हणजे आणखी ११ रुपये. पंचाहत्तर रुपयांत हे जेवण रात्री एकपर्यंत अभ्यास करणाऱ्यालाही पुरतं.

इथे चुकतं कुठे? अंडं कमी उकडलं तर पाव ओला होतो आणि काप पडत नाहीत. काकडी खूप आधी चिरून ठेवली तर पाणी सुटतं. आणि हिरवी चटणी: पावसाळ्यात गाडीवरची ओली हिरवी चटणी तिथेच खाल्ली तर एकवेळ ठीक, पण पार्सल करून दीड तासाने खायला ती योग्य नाही. सुकी चटणी आणि तळलेली मिरची मागा.

अंडी न खाणाऱ्यांनी त्याच जागी फुटाण्याचा चुरा घालावा. सोललेले फुटाणे वाटीच्या बुडाने रगडायचे, त्यात बारीक कांदा, चटणी, लिंबू आणि चमचाभर दही. पन्नास ग्रॅम फुटाण्यांचा हा चुरा दोन पावांत बरोबर मावतो. कोरडा मात्र घालू नका, घशाला बसतो.

मिसळ

मिसळ हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला तयार पदार्थ आहे, कारण तिचा पाया मोडाच्या मटकीचा आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या मटकीत सात-आठ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथा. पण पुष्कळ ठिकाणी मटकी दोन चमचे, फरसाण वाटीभर आणि वर तिखट कट अशी मिसळ मिळते. ती खाऊन तहान लागते, भूक भागत नाही. म्हणून हॉटेल निवडताना कटाच्या रंगाकडे बघू नका, वाटीत खाली मटकी किती आहे ते बघा. शेजारच्या टेबलावर एक नजर टाकली तरी कळतं.

मागताना "उसळ जास्त, फरसाण कमी" एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी करून देतात. बसून खाणार असाल तर रस्सा पुन्हा मिळतो, पुण्यात त्याला सॅम्पल म्हणतात. तो घ्या, पण वरची तर्री चमच्याने बाजूला सारून. पोट भरायला रस्स्यातलं पाणी आणि वाटण कामाचं असतं. तेल फक्त जड करतं. जुन्या पुणेरी पद्धतीच्या मिसळीत पोहे आणि चिवडा असतो, तिथे पावाची गरज एकावर भागते. कोल्हापूरकडे पावाऐवजी स्लाइस देतात, दोन पुरेत. नाशिकला पापडाची जोड असते, तो घ्यायचा तर पाव कमी करा.

खोलीवर न्यायची असेल तर रस्सा, उसळ आणि फरसाण तिन्ही वेगळं बांधून घ्या. आता सोया वड्यांची कृती. किटलीत पाणी उकळा. ३० ग्रॅम वड्या (मध्यम आकाराच्या, साधारण एक छोटी वाटी) स्टीलच्या डब्यात घ्या, चिमूटभर मीठ टाका, उकळतं पाणी ओता आणि झाकण लावून १५ मिनिटं ठेवा. ते पाणी फेकून द्या. साध्या पाण्यात घालून दोन्ही तळव्यांमध्ये घट्ट पिळा. पुन्हा पाणी, पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळल्याशिवाय तो कच्चट वास जात नाही, आणि पाणी आत राहिलं तर रस्सा आत शिरत नाही. पिळलेल्या वड्या हाताने दोन तुकडे करून मिसळीच्या रस्स्यात टाका आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. रस्सा गरम हवा. थंड झाला असेल तर डबा किटलीतल्या उकळत्या पाण्याने भरलेल्या वाडग्यात दहा मिनिटं ठेवा.

मग वर उसळ, निम्मंच फरसाण, कांदा, लिंबू. आणि पाव सोडून दोन पोळ्या. पोळी-भाजी केंद्रं आता पुण्या-मुंबईच्या जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत, तिथे नुसत्या पोळ्या मिळतात. गव्हाच्या पोळीला चावावं लागतं, तिच्यात चोथा आहे आणि एका पोळीत तीनेक ग्रॅम प्रथिनंही. एकट्याचा खर्च ७५ अधिक ५ अधिक २४, म्हणजे १०४ रुपये, प्रथिनं तीसच्या आसपास. खोलीत दोघं असाल तर हिशेब आणखी चांगला होतो: एकच मिसळ, साठ ग्रॅम वड्या, चार पोळ्या, मिळून १३३ रुपये. माणशी सदुसष्ट, आणि प्रथिनं तरी पंचवीसच्या वर. ज्यांनी वड्या कधी खाल्ल्या नाहीत त्यांनी पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस ग्रॅमच घ्याव्यात. एकदम तीस घेतल्या तर पोटात वायू धरतो आणि मग सगळा दोष मिसळीवर येतो.

भुर्जी, रगडा, भेळ, चायनीज

भुर्जीच्या गाडीवर हिशेब सरळ आहे. दोन अंड्यांची भुर्जी, "तेल कमी, कांदा-टोमॅटो जास्त". पाव दोन, किंवा पोळ्या बरोबर न्या. गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. बटर लावून भाजलेला पाव घेतला की पाच-सात रुपये आणि नुसती चरबी वाढते. उकडलेल्या अंड्यांपेक्षा भुर्जी जवळपास दुप्पट महाग पडते. पण रात्रीचं गरम जेवण म्हणून आठवड्यातून दोनदा ती घ्यायला हरकत नाही.

रगडा पॅटिस लोक चाट म्हणून खातात, पण ते जेवण होऊ शकतं. रगडा पांढऱ्या वाटाण्याचा, म्हणजे कडधान्य. पॅटिस उकडलेल्या बटाट्याचं, तव्यावर थोड्या तेलात भाजलेलं, बुडवून तळलेलं नाही. दोन्ही गोष्टी पोट धरतात. "पॅटिस एक, रगडा दुप्पट, शेव कमी, गोड चटणी कमी" असं सांगा. गोड चटणीत गूळ-साखर बरीच असते.

भेळीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, त्यात हवाच जास्त. मोठा द्रोण दिसतो, पण आत चाळीस ग्रॅम चुरमुरे, म्हणजे दीडशे कॅलरी. पोट तेवढ्यापुरतं फुगतं आणि तासाभरात रिकामं. सुकी भेळ पार्सल आणा, त्यात पन्नास ग्रॅम फुटाणे, एक चिरलेला टोमॅटो, कांदा, अर्धी काकडी आणि एक उकडलेलं अंडं कुस्करून किंवा वाफवलेली मटकी घाला. लिंबू पिळा आणि लगेच खा. पाच मिनिटांनी चुरमुरे मऊ पडले की ती खाववत नाही.

चायनीजच्या गाडीवरची "चायनीज भेळ" या सगळ्यात कमी कामाची: तळलेल्या नूडल्स, सॉस आणि कोबी. त्यापेक्षा हाफ एग फ्राइड राइस घ्या आणि एक अंडं जास्तीचं फोडायला सांगा.

साखळी दुकानातला बर्गर आणि पिझ्झा

मॅकडोनाल्ड्सने भारतातलं पहिलं दुकान १९९६ साली दिल्लीत उघडलं, आणि इथल्या ग्राहकांसाठी जे बर्गर काढले त्यात आलू टिक्की सगळ्यात ओळखीची झाली. नीट पाहिलं तर ही वडापावाचीच बहीण: मैद्याच्या पावात तळलेला बटाटा. साधारण साडेतीनशे कॅलरी आणि आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं. म्हणून उपायही तोच लागू पडतो. नुसता बर्गर पार्सल घ्या, खोलीवर उघडा, दोन उकडलेल्या अंड्यांचे काप आणि काकडी घाला, बरोबर ताक. ७० अधिक १६ अधिक ८ अधिक १५, १०९ रुपये, प्रथिनं बावीस ग्रॅमच्या आसपास. एक अंडं बर्गरमध्ये आणि एक बाहेर ठेवलं तर खायला सोपं जातं, दोन्ही कोंबली तर टिक्की मागून बाहेर पडते.

दुकानात गल्ल्यावर हमखास विचारतात, "मील करू का?" त्याला नको म्हणायचं. फ्राइज आणि शीतपेय जोडून किंमत दीडपट-दुप्पट होते. ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि ती पोट भरत नाही. फ्राइजचं वर सांगितलंच. त्याच जादा पैशांत चार ते आठ अंडी येतात.

स्वस्त यादीतले दोन-तीन पदार्थ सारख्याच किमतीचे असतील तर निवड कशी करायची? किंमत भागिले प्रथिनं. ७० रुपयांच्या आलू टिक्कीत ८.५ ग्रॅम असतील तर ग्रॅमला सव्वाआठ रुपये पडले. १२० रुपयांच्या साध्या चिकन बर्गरमध्ये पंधरा ग्रॅम असतील तर ग्रॅमला आठ. म्हणजे महाग दिसणारा चिकन बर्गर प्रत्यक्षात तितकाच पडतो. तुमच्या अंड्यांचे मात्र ग्रॅमला सव्वा-दीड रुपयाच होतात, म्हणून बाहेर सगळ्यात स्वस्त पदार्थ घेऊन प्रथिनं घरची जोडणंच परवडतं. हे आकडे शोधायला फार कष्ट नाहीत. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहिल्या पाहिजेत असा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. पोषणमूल्यांची पूर्ण यादी मोठ्या साखळ्यांच्या संकेतस्थळांवर असते.

पिझ्झ्यात पैसे वाचवायचे तर व्यास बघा. रेग्युलर साधारण ७ इंचांचा, मीडियम १० इंचांचा. तीनच इंचांचा फरक वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं तर सात इंचांचे ३८ चौरस इंच आणि दहा इंचांचे ७८. म्हणजे एक मीडियम हा दोन रेग्युलरपेक्षाही थोडा मोठा. मीडियमची किंमत रेग्युलरच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर दोघांनी मिळून मीडियम घ्यावा. बरोबर उकडलेली अंडी किंवा फुटाण्यांची कोशिंबीर असेल तर माणशी दोन-तीन तुकड्यांत भागतं. सगळ्यात स्वस्त यादीतला छोटा पिझ्झा एकट्याने खाणं हा मात्र तोट्याचा सौदा आहे, त्यात जाड पाव जास्त आणि चीज नावाला.

आणि मागवू नका, चालत जा. ॲपवर पदार्थाचा भाव पुष्कळदा दुकानापेक्षा जास्त लावलेला असतो, त्यावर पॅकिंग, पोचवण्याचे पैसे, ॲपचं शुल्क आणि जीएसटी. सत्तरचा बर्गर सव्वाशेला पडतो आणि निम्म्या-निम्म्याचा सगळा हिशेब मोडतो. दुकानातही फलकावरची किंमत पाच टक्के जीएसटी धरून आहे की सोडून, ते एकदा बिलावर बघून ठेवा.

किटली, अंडी आणि स्वच्छता

किटलीत अंडी उकडायची पद्धत: अंडी धुवून घ्या, अंड्यांवर बोटभर येईल इतकं पाणी घाला, पण किटलीवरच्या वरच्या खुणेपलीकडे नाही. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली की झाकण न उघडता चार मिनिटं थांबा, पुन्हा एकदा चालू करून उकळी आणा आणि मग बारा मिनिटं तशीच ठेवा. बलक घट्ट होतो. काढून लगेच थंड पाण्यात टाका, कवच सहज निघतं. फ्रिजमधली थंडगार अंडी एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर तडकतात आणि पांढरं किटलीभर पसरतं. किटलीत दूध, रस्सा किंवा वड्या उकळायच्या नाहीत. तळाला करपून चिकटतं, वास जात नाही आणि किटली लवकर बिघडते. अंडी सोडली तर पाणी उकळून डब्यात ओतायचं, एवढंच तिचं काम. ज्या खोलीत विजेची उपकरणं चालत नाहीत तिथे गाडीवरची उकडलेली अंडी घ्या, अंड्यामागे सात रुपये जास्त जातात.

उकडलेली अंडी फ्रिज नसेल तर दोन तासांत संपवावीत. सकाळी सहा उकडून रात्रीपर्यंत ठेवणं बरोबर नाही, एप्रिल-मे महिन्यात तर अजिबात नाही. कच्चं अंडं शंकास्पद वाटलं तर पाण्यात टाका: तरंगलं तर फेकून द्या.

मटकी घरी भिजवत असाल तर आठ-दहा तास भिजवून, निथळून ओल्या फडक्यात बारा-सोळा तास बांधा. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाऊ नका. मोड आणणारी ऊब जंतूंनाही मानवते. डब्यात घालून वर उकळतं पाणी ओता, दहा मिनिटं झाका, निथळा, आणि हे दोनदा करा. मटकी कुरकुरीत राहते आणि धोका कमी होतो. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.

गाडी निवडताना तेल बघा. एफएसएसएआयने २०१८पासून तळणीच्या तेलातल्या पोलर घटकांची (तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणाऱ्या खराब घटकांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसतं, पण काळपट रंग, कढईभर फेस, वडा टाकण्याआधीच निघणारा धूर आणि घशाला लागणारा खवट वास ही लक्षणं पुरेशी आहेत. अशा तेलातला वडा तेलही जास्त पितो. संध्याकाळी पाच ते सहाला गर्दीच्या गाडीवर घाणा सतत निघत असतो, रात्री नऊनंतर थंड वडे पुन्हा तळून देतात. वर्तमानपत्राच्या कागदात काही बांधून घेऊ नका. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि अशा कागदात खाद्यपदार्थ देण्याला मनाईही आहे. घरून एक स्टीलचा डबा नेलात तर पाव ओला होण्याचा प्रश्नही सुटतो.

मिठाकडे लक्ष ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सुचवते. फरसाण, चटणी, खारे शेंगदाणे आणि सॉस एकाच रात्री आले तर त्याचा मोठा भाग एका जेवणात संपतो. म्हणून शेंगदाणे आणि फुटाणे बिनमिठाचे घ्या, ताकही साधं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे बेत डॉक्टरांना दाखवून मगच करावेत.

आठवड्याची खरेदी रविवारी एकदाच करा: बारा अंडी ९६ रुपये (उन्हाळ्यात सहा-सहा करून दोनदा), फुटाणे ३०० ग्रॅम ६०, सोया वड्या २०० ग्रॅम ३५, शेंगदाणे २०० ग्रॅम ४०. मिळून २३१, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. शंभरातून ते वजा केले की बाहेरच्या पदार्थाला, काकडीला आणि ताकाला सदुसष्ट राहतात. वडापावाच्या रात्री त्यातले जवळपास वीस उरतात, ते मिसळीच्या किंवा बर्गरच्या रात्रीला लावा. आठवड्यात तीन वडापाव, एक मिसळ, एक भुर्जी, एक रगडा किंवा भेळ आणि एक बर्गर असं लावलं तर सातशेत बसतं. फुटाणे आणि वड्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत ठेवा. पावसाळ्यात फुटाणे दोन दिवसांत मऊ पडतात. तेव्हा कोरड्या डब्यात घालून डबा वीस मिनिटं उन्हात ठेवा, आणि ऊन नसेल तर तेवढे दिवस फुटाण्यांऐवजी शेंगदाणे घ्या.